चौथी जागा : माहजोंगचें मेज आणि साहित्य

खेळाचा पट साहित्यांत आला म्हणजे आपल्या वाचकाच्या मनासमोर सर्वांत आधीं उभी राहते ती सभापर्वांतील द्यूतसभा. समोरासमोर बसलेले दोन पक्ष, मध्यें फांसे, भोंवतीं मान खालीं घालून बसलेले वडीलधारे, आणि प्रत्येक फेंकीबरोबर तुटत जाणारा नात्याचा एकेक धागा. शूद्रकाच्या 'मृच्छकटिकां'त तोच विषय विनोदाच्या अंगानें येतो; पण तेथेंही हरलेला जुगारी एकटाच पळत सुटतो आणि पैशासाठीं माणसें त्याच्या पाठीमागें लागतात. खेळ म्हणजे माणसामाणसांत फूट पाडणारी वस्तु, हा संस्कार या ग्रंथांनीं आपल्या मनावर इतका खोल केला आहे कीं, खेळानें माणसें जोडलीं जातात असें कोणी म्हटलें तर तें आपणांस क्लबाच्या जाहिरातीसारखें वाटतें.

माहजोंग या चिनी खेळाभोंवतीं गेल्या शंभर वर्षांत जें साहित्य निर्माण झालें, तें या संस्काराला निराळ्या बाजूनें भिडतें. म्हणून त्याचें परीक्षण आपल्या वाचकांस उपयुक्त वाटेल. या साहित्यांत लोक खेळतात, हरतात, जिंकतात. परंतु लेखकाचें लक्ष बहुधा हारजितीकडे नसतें. कोण कोणाच्या शेजारीं बसलें, कोणाची जागा रिकामी झाली, ती कोणीं भरली, याकडे असतें. मेजाभोंवतीं जमणाऱ्या माणसांत जो संबंध उत्पन्न होतो तो कोणत्या जातीचा मानावा? स्नेहाचा, संवयीचा, कीं निव्वळ गरजेचा? दोन कादंबऱ्या, एक कथा, एक चित्रपट आणि एक इतिहासग्रंथ यांच्या आधारें या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द. रमी खेळलेल्या माणसाला तो समजण्यास वेळ लागणार नाहीं, कारण मूळ रीत तीच आहे. एक उचलावयाचें, एक टाकावयाचें, आणि हातांतल्या विस्कळीत मालांतून जुळते गट बनवावयाचे. मात्र येथें पत्त्यांऐवजीं सोंगट्या असतात. पूर्वीं त्या हाडाच्या व बांबूच्या असत, आतां बहुधा प्लास्टिकच्या असतात. मूळ चिनी संचांत १३६ सोंगट्या. फुलांच्या व ऋतूंच्या आठ मिळविल्या म्हणजे १४४. वर्तुळें, बांबू आणि 'दहा हजार' असे तीन रंग, शिवाय चार दिशांचे चार वारे, आणि तांबडा, हिरवा व पांढरा असे तीन ड्रॅगन. प्रत्येकाच्या हातीं तेरा सोंगट्या असतात. चौदावीनें चार गट व एक जोडी पुरी झाली कीं डाव जिंकला. आरंभीं सर्व सोंगट्या मेजावर पालथ्या घालून आठ हातांनीं ढवळतात, आणि मग प्रत्येकजण आपल्यासमोर दुहेरी थराची एक भिंत रचतो. चार भिंती जुळून चौकोनी तट तयार होतो. त्या ढवळण्याला चिनी लोक 'सोंगट्या धुणें' म्हणतात. त्यांचा आवाज चिमण्यांच्या कलकलाटासारखा असतो, आणि खेळाच्या एका चिनी नांवाचा अर्थही चिमणी असाच आहे.

आतां खरी गोष्ट. या खेळाला माणसें चार लागतात. तिघांनीं खेळण्याचे प्रकार कांहीं ठिकाणीं आहेत, पण ती तडजोड होय. पत्त्यांचे कित्येक डाव पांचांत रंगतात आणि सातांतही रंगतात. एखादा मध्येंच उठून गेला तर उरलेले पुन्हां पत्ते वांटून घेतात. येथें मेजाला बाजू चार, दिशा चार, वारे चार, भिंती चार. म्हणूनच चिनी भाषेंत 'तिघे आहेत, एक कमी' अशा अर्थाचा तीन अक्षरी वाक्प्रचार रूढ झाला आहे. तिघे येऊन बसले आहेत, मेज मांडलें आहे, चहा निवत चालला आहे, आणि चौथ्यावांचून सारें अडलें आहे, ती तळमळ त्या तीन अक्षरांत सांठविलेली आहे. आमच्या मतें माहजोंगविषयक सर्व चांगल्या लेखनाचें मर्म या वाक्प्रचारांत सांपडतें. माणसें एकमेकांस आवडतात म्हणून या मेजाभोंवतीं जमतात असें नव्हे. एकमेकांवांचून त्यांचें अडतें म्हणून जमतात. जमतां जमतां पुष्कळदां माया उत्पन्न होते, कधीं कधीं होत नाहीं. ज्या लेखकास हें उमगलें त्याच्या मेजाभोंवतीं जिवंत माणसें बसलेलीं दिसतात. ज्यानें मेजाला नुसतें पौर्वात्य गूढतेचें चिन्ह केलें, त्याच्या हातीं सोंगट्याच तेवढ्या राहतात.

हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यांग्त्से नदीच्या मुखाकडील प्रदेशांत, निंगपो-शांघायच्या बाजूला आकारास आला. सूचौ येथें स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या नोकरींत असलेल्या जोसेफ पार्क बॅबकॉक या अमेरिकनानें त्याचे नियम सुटसुटीत करून १९२० सालीं इंग्रजींत पुस्तक काढलें, आणि 'माह-जोंग' हें नांव व्यापारी नांव म्हणून नोंदविलें. पुढें १९२२ ते १९२४ च्या सुमारास अमेरिकेंत या खेळाचें असें वेड पसरलें कीं, सोंगट्यांसाठीं चीनमध्यें हाडें पुरेनात, आणि शिकागोच्या कत्तलखान्यांतून गुरांचीं हाडें जहाजांनीं चीनकडे रवाना होऊं लागलीं. वेड आलें तसें ओसरलें. पण खेळ गेला नाहीं. तो कां गेला नाहीं, याचा शोध अॅनेलीस हाइन्झ या विदुषीनें आपल्या इतिहासग्रंथांत घेतला आहे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें तो २०२१ सालीं प्रसिद्ध केला. शांघायमधील परदेशी रहिवासी, १९२० च्या दशकांतील हौशी अमेरिकन स्त्रिया, शहरांतील चिनी-अमेरिकन कुटुंबें, दुसऱ्या महायुद्धांत छावण्यांत कोंडलेले जपानी वंशाचे अमेरिकन नागरिक, उपनगरांतील यहुदी माता आणि हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या पत्नी, अशा परस्परांस अपरिचित मंडळ्यांचा इतिहास त्यांनीं सोंगट्यांच्या एका आवाजानें जोडून दाखविला आहे. एकच खेळ माणसें जवळ आणतो, आणि तोच 'आम्ही' व 'ते' यांमधील रेघही ठळक करतो, हें त्या झांकून ठेवीत नाहींत, हा या ग्रंथाचा मोठा गुण होय. तथापि मेजाभोंवतीं काय घडलें हें इतिहासकार सांगूं शकतो. तेथें बसलेल्यांच्या मनांत काय चाललें होतें हें जाणण्यासाठीं कथाकाराकडेच जावें लागतें.

कालानुक्रमें पाहतां आरंभ अगाथा ख्रिस्तीपासून करावा लागेल. त्यांच्या १९२६ सालच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड' या कादंबरींत एक संपूर्ण प्रकरण माहजोंगच्या बैठकीला दिलेलें आहे. इंग्लंडमधील एक खेडें, गांवचे डॉक्टर शेपर्ड, त्यांची चौकस बहीण कॅरोलाइन, शेजारच्या मिस् गॅनेट, आणि शांघायच्या क्लबांत हा खेळ खेळल्याची बढाई मारणारे कर्नल कार्टर. गांवांत खून झालेला आहे, आणि चौघेही सोंगट्या उचलतां टाकतां त्याच एका विषयावर बोलत आहेत. बाईंनीं कादंबरीचा वेग थांबवून हें प्रकरण कां घातलें, असा प्रश्न कोणी विचारील. पण नीट वाचलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, या बैठकींत वदंतांचा व्यवहार हुबेहूब सोंगट्यांसारखा चालतो. एकीनें एक तर्क मेजावर टाकावा, दुसरीनें तो उचलून आपल्या गटाला जोडावा, तिसऱ्यानें नको असलेला फेंकून द्यावा. अखेर डॉक्टरांच्या हातीं वांटणींतच पुरा झालेला दुर्मिळ डाव येतो, आणि त्या विजयाच्या भरांत हा व्यवसायानें व स्वभावानें मितभाषी गृहस्थ गुप्त ठेवण्याजोगी एक गोष्ट बोलून बसतो. ज्यांनीं ती कादंबरी शेवटपर्यंत वाचली आहे त्यांस या क्षणाचें महत्त्व अधिकच जाणवेल. इतरांचा रसभंग आम्ही करीत नाहीं. येथें ख्रिस्तीबाईंनीं मेजाचा एक धर्म अचूक हेरला आहे. हात कामांत असले कीं जीभ सैल सुटते, आणि चौकोनी तटाच्या आंत बसलेल्या माणसाला आपण आपल्या माणसांत आहोंत असा भास होतो. तो भास खराच असतो असें नाहीं.

हा भास जेथें सत्य होतो ती कादंबरी म्हणजे एमी टॅन यांची 'द जॉय लक क्लब'. ही १९८९ सालीं प्रसिद्ध झाली, आणि १९९३ सालीं वेन वांग यांनीं तिच्यावरून चित्रपट काढला. चीनमधून सॅन फ्रॅन्सिस्कोला आलेल्या चार माता व अमेरिकेंत वाढलेल्या त्यांच्या चार मुली यांची ही कथा. तिचे भाग चार आणि प्रत्येकांत चार गोष्टी. खेळाची चौकट लेखिकेनें ग्रंथाच्या रचनेंतच उतरविली आहे, हें उघड आहे. परंतु रचनेच्या या हिशेबापेक्षां पहिल्या गोष्टीचा आरंभच अधिक बोलका आहे. सूयुआन ही क्लबाची संस्थापिका दोन महिन्यांपूर्वी वारली आहे. तिच्या तीन मैत्रिणी उरल्या आहेत. तिघी आहेत, एक कमी. आणि म्हणून सूयुआनची मुलगी जिंग-मेइ हिला आईच्या जागीं बसण्यास बोलाविलें जातें.

या क्लबाचा जन्म दोनदां झाला आहे. पहिला जपानी आक्रमणाच्या काळांत क्वेलिन शहरीं. तेथें निर्वासितांच्या गर्दींत, बाँबच्या भीतींत, चार तरुण स्त्रिया आठवड्यांतून एकदां जमत, जें मिळेल त्याचा पाहुणचार करीत आणि रात्रभर खेळत. लोक उपाशी मरत असतां यांना चैन सुचते, असा बोल त्यांना लागे. त्यांचें उत्तर असें कीं, मरणाची वाट पाहत बसण्यापेक्षां आठवड्यांतून एक दिवस सुदैवाची आशा करावी. ती आशा हाच त्यांचा आनंद. दुसरा क्लब १९४९ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोंत निघाला. तेथें आरंभीं पैसे लावून खेळ चाले. पण त्याच त्याच माणसांनीं हरावें हें बरें नव्हे म्हणून पुढें सर्वांच्या पैशांतून शेअर घेण्याची पद्धत पडली. आपल्याकडील भिशीच्या बायकांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागणार नाहीं. आतां मेजावर दोनचार डॉलर तेवढे लागतात. ते जिंकणारी नेते, आणि उरलेलें अन्न हरणाऱ्या घरीं नेतात. आमच्या मतें सबंध ग्रंथांतील हा सर्वांत शहाणा तपशील आहे. कोणीही रिकाम्या हातांनीं घरीं जाऊं नये, एवढ्यासाठीं नियमांना किती हळूच मुरड घातलेली आहे! द्यूतसभेंत जें कोणालाच सुचलें नाहीं तें या चार गृहिणींना सुचलें.

जिंग-मेइ येऊन पूर्वेच्या बाजूस बसते; ती आईची जागा, हें तिला कोणीं सांगावें लागत नाहीं. डाव संपल्यावर तिला कळतें कीं, आईनें युद्धांत पळतांना मागें ठेवलेल्या जुळ्या मुली चीनमध्यें जिवंत सांपडल्या आहेत. त्यांना भेटून आईची हकीकत सांगण्यासाठीं प्रवासखर्चाचे पैसे या मावश्यांनीं काढून ठेवले आहेत. मुलगी गोंधळून म्हणते कीं, मी काय सांगणार, मला आईविषयीं ठाऊकच काय आहे! त्या शब्दांनीं तिघी भेदरतात. कारण तिच्या तोंडून त्यांना आपापल्या मुलींचेंच उत्तर ऐकूं येतें. खुर्ची भरली, पण बसणारीला मागचा डाव ठाऊक नाहीं. एका पिढीनें दुसरीला जागा दिली तरी त्या जागेची भाषा देतां आली नाहीं, ही या कादंबरीची खरी वेदना होय. पुढें पुढें लेखिका ही वेदना स्वप्नें, शकुन आणि नाट्यमय योगायोग यांत थोडी बुडवून टाकते, आणि मेज तर पहिल्या गोष्टीनंतर बहुतेक दृष्टीआडच होतें. शेवट गोड करण्याची ओढही अधिक दिसते. परंतु ती पहिली गोष्ट एकटी घेतली तरी तिचें मोल कमी होत नाहीं.

याच गोष्टींत एका ठिकाणीं मात्र आम्हांस लेखिकेच्या पात्राशीं भांडावेंसें वाटतें. जिंग-मेइ हा खेळ कॉलेजांत यहुदी मित्रमंडळींत शिकली, आणि आईला त्या 'यहुदी माहजोंग'चा मोठा तिटकारा. तिच्या मतें तो नुसत्या डोळ्यांचा खेळ; चिनी खेळाला डोकें लागतें. हा शेरा विनोदी आहे आणि पात्राला शोभणाराही आहे. तो अगदींच निराधारही नाहीं. अमेरिकन पद्धतींत खेळणाऱ्यासमोर एक छापील तक्ता असतो आणि त्यावर दिलेल्या रचनांपैकींच एक पुरी करावी लागते. ज्याची दृष्टि सारखी तक्त्यावर, तो समोरच्याचा डाव काय ओळखणार! पण हा तक्ता कोठून आला हें पाहिलें म्हणजे त्या मातेच्या शेऱ्यांत अन्याय किती आहे तें कळतें.

न्यूयॉर्कमध्यें १९३७ सालीं, बहुतेक यहुदी असलेल्या कांहीं स्त्रियांनीं नॅशनल माहजोंग लीग ही संस्था काढली. वेडाच्या लाटेनंतर जो तो आपापल्या नियमांनीं खेळत होता. दोन गल्ल्यांतील दोन मंडळ्या एकत्र बसूं शकत नव्हत्या. लीगनें नियम एक केले आणि मान्य रचनांचा तक्ता दरवर्षीं नवा काढण्याची प्रथा पाडली. ती आजही चालूं आहे. पुढें या पद्धतींत आठ 'जोकर' सोंगट्या आल्या व संच १५२ सोंगट्यांचा झाला; डावाच्या आरंभीं तीन तीन सोंगट्या शेजारणीकडे देण्याघेण्याची चार्ल्स्टन नांवाची रीतही तिचीच. दरवर्षींच्या नव्या तक्त्याचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. वीस वर्षें खेळलेली आजी आणि काल शिकलेली सून, दोघीही त्या दिवशीं सारख्याच नवशिक्या होतात. जुन्यांची मक्तेदारी वर्षांतून एकदां आपोआप मोडते. शिवाय यहुदी स्त्रियांच्या धार्मिक व सेवाभावी मंडळांनीं या तक्त्यांची विक्री करावी आणि त्यांतील वांटा धर्मादायास जावा, अशी व्यवस्था झाली. हरण्याची मर्यादाही पुष्कळ मंडळांत आधीं ठरलेली असते. तेवढे पैसे गेले कीं पुढें त्या बाईनें फुकट खेळावें, पण उठूं नये. कारण ती उठली तर मेजच उठतें.

महायुद्धानंतरच्या दशकांत न्यूयॉर्कचीं यहुदी कुटुंबें उन्हाळ्यांत कॅट्स्किल डोंगरांतील बंगल्यांत राहावयास जात. पुरुष आठवडाभर शहरांत नोकरीवर, शनिवार-रविवारीं डोंगरांत. मधले दिवस स्त्रिया व मुलें यांचे. त्या दिवसांत झाडांखालीं व ओसऱ्यांवर हीं मेजें मांडलीं जात. त्या मुली आज आजी झाल्या आहेत, आणि बालपणाची आठवण काढतांना त्यांना प्रथम आठवतो तो झोपेंत ऐकूं येणारा सोंगट्यांचा खळखळाट. सूयुआनच्या मैत्रिणी व या यहुदी माता यांनीं एकमेकींचा खेळ पाहून नाकें मुरडलीं असतीं. पण निर्वासितपण दोघींच्याही घराण्यांत होतें, आणि जागा रिकामी ठेवावयाची नाहीं हा धर्म दोघींनींही पाळला. २०२१ च्या आरंभीं एका अमेरिकन विक्रेत्यानें चिनी चिन्हें काढून नव्या नक्षीच्या सोंगट्या बाजारांत आणल्या तेव्हां मोठा गहजब उठला. नक्षी बदलल्याचा राग नव्हता इतका जुन्या संचाला कंटाळवाणा ठरविल्याचा होता. ज्यांच्या मेजावर आपण बसलों त्यांचें नांव विसरणें हा या खेळांतला मोठा दोष होय, हें त्या टीकेचें सार. आणि तें न्याय्य होतें.

तिसरें उदाहरण ओहायोंतील राइट-पॅटरसन हवाई तळाचें. तेथील अधिकाऱ्यांच्या पत्नींनीं आपले निराळे नियम बसविले व त्यांचें पुस्तक काढलें. दर दोनतीन वर्षांनीं बदली, नवें गांव, ओळखीचें कोणी नाहीं. अशा स्त्रीला नव्या ठाण्यांत कोणाच्या घरीं जावयाचें तर कांहीं निमित्त लागतें. 'चौथी हवी आहे' या निमित्तासारखें सोपें निमित्त नाहीं. त्यांत उपकार नाहीं आणि याचनाही नाहीं. आपल्या देशांतही लष्करी व नौदलांतील अधिकाऱ्यांच्या कुटुंबांत हा खेळ टिकून आहे, याचें कारण हेंच असावें.

येथपर्यंत वाचून माहजोंग म्हणजे सर्व दुःखांवरचें औषध, असा कोणाचा समज झाला असेल तर त्यानें आयलीन चँग यांची 'लस्ट, कॉशन' ही कथा वाचावी. १९५० च्या दशकांत लिहिलेली, पुढें कित्येक वर्षें फिरफिरून दुरुस्त केलेली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेली ही लहानशी कथा. आंग ली यांनीं २००७ सालीं काढलेल्या चित्रपटानें ती जगभर पोंचली. ती सुरूच होते माहजोंगच्या मेजावर. जपान्यांच्या ताब्यांतील शांघाय, जपानधार्जिण्या सरकारांतील अधिकारी यी यांचें घर, मेजावर प्रखर दिवा, आणि सोंगट्या हलविणाऱ्या बोटांत चमकणारे हिरे. चौघींपैकीं एक जण हाँगकाँगच्या व्यापाऱ्याची बायको म्हणवून घेते; वास्तविक ती वांग ज्याझी ही विद्यार्थिनी असून यीच्या खुनाच्या कटांतील आमिष आहे. येथेंही मेज, येथेंही चौघी, येथेंही खाणें आणि थट्टा. पण प्रत्येकीचा डोळा दुसरीच्या अंगठीवर. घरच्या यजमानिणीला चौथी हवी होती म्हणून ज्याझीला त्या घरांत प्रवेश मिळाला. शत्रूच्या घरांत शिरण्याचा तोच दरवाजा. मेजाची गरज आंधळी असते, कोण येऊन बसलें हें ती विचारीत नाहीं, हें सत्य या लेखिकेइतकें कठोरपणें दुसऱ्या कोणीं मांडलेलें आमच्या वाचनांत नाहीं.

कथेचा शेवट त्याहून कठोर आहे. जवाहिऱ्याच्या दुकानांत ऐन वेळीं ज्याझीचें मन फिरतें. ती यीला सावध करते, तो निसटतो, आणि त्याच दिवशीं तिला व तिच्या सोबत्यांना मृत्युदंड होतो. यी घरीं येतो तों मेज चालूंच आहे. ज्याझीच्या अनुपस्थितीनें खेळ अडलेला नाहीं. दुसरी एक बाई येऊन बसली आहे. हंसणें, मेजवानी कोणीं द्यावयाची यावरून चाललेली ओढाताण, सारें पूर्ववत्. जिंग-मेइ आईच्या जागीं बसते तेव्हां ती जागा आईची राहते. ज्याझीची जागा भरते तेव्हां ती तिची कधीं होती याचीही खूण उरत नाहीं. नियम तोच, सोंगट्या त्याच, रिकामी जागा भरण्याची घाई तीच. या दोन प्रसंगांतला भेद खेळानें केलेला नाहीं, बसणाऱ्यांनीं केलेला आहे.

या दोन कृतींच्या मानानें २०१८ सालच्या 'क्रेझी रिच एशियन्स' या चित्रपटांतील गाजलेला प्रवेश आम्हांस फिका वाटतो. केव्हिन क्वान यांच्या मूळ कादंबरींत नसलेला हा प्रवेश दिग्दर्शक जॉन चू यांनीं चित्रपटासाठीं घातला. नायिका रेचेल व तिच्या प्रियकराची आई एलिनॉर समोरासमोर बसतात. जिंकून देणारी सोंगटी हातीं आली असतां रेचेल ती जाणूनबुजून टाकते, एलिनॉर तीवर डाव जिंकते, आणि मग रेचेल आपला हात उघडा करून दाखविते. मी जिंकूं शकत होतें, पण सोडून दिलें, हा अर्थ शब्दांवांचून पोंचतो. कल्पना चतुर आहे, अभिनयही उत्तम आहे. पण मेजावर आणखी दोन स्त्रिया बसल्या आहेत, आणि कथेच्या दृष्टीनें त्या मेजाच्या पायांहून अधिक नाहींत. चौघांचा खेळ येथें दोघींचें द्वंद्व झाला. म्हणजे माहजोंगच्या मेजावर पुन्हां सभापर्वच मांडलें गेलें. या प्रवेशाऐवजीं बुद्धिबळाचा पट ठेवला असता तरी फार बिघडलें नसतें, आणि हीच त्याची उणीव होय.

एक आक्षेप राहिला. चिनी विचारवंत हू शिह यांनीं १९२० च्या दशकाच्या अखेरीस या खेळावर कडक टीका केली. अफू, जुन्या परीक्षांतील साचेबंद निबंध आणि स्त्रियांचे बांधलेले पाय या तीन अनर्थांच्या पंक्तीस त्यांनीं माहजोंगला चौथें स्थान दिलें. राष्ट्राचे किती तास रोज या मेजांवर वाया जातात याचा हिशेबही त्यांनीं मांडला. १९४९ नंतरच्या राजवटीनें जुगाराबरोबर या खेळालाही दडपलें. पुढें निर्बंध सैल झाले, आणि १९९८ सालीं त्याच देशाच्या क्रीडाखात्यानें त्याला खेळ म्हणून मान्यता देऊन अधिकृत नियम प्रसिद्ध केले. हू शिह यांचा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. रात्रीमागून रात्री मेजाशीं घालविणारीं, घर आणि संसार डावावर लावणारीं माणसें चीनमध्यें होतीं आणि आहेत. पण त्यांच्या स्वतःच्या पत्नी, श्रीमती च्यांग तुंग-श्यू, या खेळाच्या मोठ्या भोक्त्या होत्या, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. नवरा ग्रंथांत व परिषदांत, परदेशांत व राजकारणांत. तिच्या तासांचा हिशेब राष्ट्राच्या वहींत मांडतांना तिला दुसरीकडे कोठें, कोणत्या मेजावर, कोणी चौथी म्हणून बोलावीत होतें, हा प्रश्न त्या वहींत येत नाहीं. सूयुआनला क्वेलिनमध्यें जो बोल लागला तोही याच हिशेबाचा होता.

म्हणून आमचा अभिप्राय असा. माहजोंगनें माणसें जोडलीं जातात हें म्हणणें अर्धें खरें आहे. हा खेळ माया देत नाहीं. तो फक्त जागा देतो, आणि ती जागा तुमच्यावांचून अडते असें सांगतो. आजच्या शहरांत माणसाला सोबत पुष्कळ मिळते. परंतु आपण न गेल्यानें कोणाचें तरी अडलें, हा अनुभव दुर्मिळ होत चालला आहे. म्हाताऱ्या माणसांना तर तो औषधालाही मिळत नाहीं. ज्या मेजावर हरणारीला उरलेलें अन्न बांधून देतात, जेथें पैसे संपले तरी बसूं देतात, तेथें गरजेची माया होते. जेथें डोळे शेजारणीच्या अंगठीवरच असतात, तेथें चौथी बाई मेली काय आणि जगली काय, डाव चालूंच राहतो. एमी टॅन यांची पहिली गोष्ट आणि आयलीन चँग यांची कथा अशा एकामागून एक वाचाव्या. आधीं टॅन, मग चँग. उलट क्रमानें वाचल्यास पहिलीवर विश्वास बसणें कठीण जाईल, आणि तो बसावा अशी आमची इच्छा आहे.